आतून कडी

रविवारी सकाळी मामा माझ्या धाकट्या भावाला, सुधीरला, बघायला आले. घरात आई आणि मी होतो. स्कूटरवरून पडून सुधीरचा मानेचा मणका मोडला, त्याला वर्ष होऊन गेलं. मामांनी नेहमीचाच प्रश्न विचारला, "काय रे, पाय हलतात का?"

सुधीर हसला. "पायांचं सोडा, मामा. संडासात आतून कडी लावता आली तरी पुरे."

"हात् लेका, एवढंच? अरे, पळायला लागशील!"

आईनं डोळ्यांना पदर लावला. तिचे सगळे नवस त्याच्या पायांसाठीच आहेत. आपण दिवसातून कितीदा तरी दार लावून घेतो आणि तेवढ्यापुरते कुणाच्याच ताब्यात नसतो. मी हा हिशेब कधी केला नव्हता.

दुपारी मी संडासाच्या दाराची वरची कडी काढून, चाकांच्या खुर्चीत बसल्या बसल्या हात पोचेल अशी खाली बसवली. सुधीरची बोटं कडीपर्यंत गेली, पण मिटेनात. बोटांचा विचार मी केलाच नव्हता.

"राहू दे, दादा," तो म्हणाला. "तू नुसता पाठ करून उभा राहत जा."

त्याचा तोल जातो, म्हणून बाहेर थांबून चालत नाही. सोमवारी त्याला आत बसवून मी भिंतीकडे तोंड केलं. हललो नाही, खाकरलोही नाही. बऱ्याच वेळानं मागून त्याचा आवाज आला, "दादा, तुझा श्वास ऐकू येतो रे."