निजामाच्या हद्दीत कोरं लुगडं

आमच्या भाचीचं सासर परदेशात ठरलं. परदेश म्हणजे गोदावरीचा पलीकडचा काठ. अलीकडे नेवासे तालुका आणि इंग्रज सरकार, पलीकडे निजाम सरकार, आणि मध्ये वैशाखातलं गुडघाभर पाणी. तेवढ्या पाण्यात नाणं बदलायचं, कचेरीची भाषा बदलायची आणि पेटीतल्या कापडाला जकात लागायची. मुलाच्या आजीला प्रवास झेपत नव्हता, म्हणून लग्न त्यांच्या गावी, गोरज मुहूर्तावर. युद्धाचे दिवस. कापड मिळायचीच मारामार, त्यात मिळालेलं कापड नाक्यापलीकडे न्यायचं होतं.

तयारी माझ्याकडे होती, कारण आमच्या घरात दुसऱ्या कुणाला निघताना पेट्या मोजायचं सुचत नसे. मी सराफाकडून निजामी हाली रुपये करून आणले. जकात भरायची आणि पुढं जायचं. इतका सोपा मार्ग घरातल्या पुरुषांना पटणं शक्यच नव्हतं. बैठका बसल्या. मुलीचे मामा दोनदा औरंगाबादला जाऊन आले होते, म्हणजे निजामाचे कायदे जणू त्यांना विचारूनच झाले होते.

"नव्या कापडाला जकात, वापरलेल्याला नाही," मामांनी जाहीर केलं. "सगळं अंगावर घाला."

"आणि अष्टपुत्री?" मी विचारलं. नवरीचं हे पिवळं लुगडं मामांकडूनच आलं होतं, आणि मांडवात ते कोरंच लागतं.

"मुलीला नेसवा. गाडीत बसण्यापुरतं नेसलं, ते काय नेसणं झालं, ताई? नदी ओलांडली की पुन्हा कोरं."

शास्त्र इतकं सोयीचं असतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

निघालो. माझ्या अंगावर एकावर एक तीन लुगडी. गाडीत चढवायला दोघे लागले. माझा भाऊ, म्हणजे मुलीचा बाप, दोन धोतरं नेसून घामाघूम. भाची पिवळ्या लुगड्यात बसली होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. लग्न तिचं होतं, एवढाच तिचा संबंध.

पलीकडच्या नाक्यावर कारकुनानं तिच्याकडे पाहिलं. "हे लुगडं नवं दिसायलंय की."

"छे! नेसलेलं आहे," मामा म्हणाले.

"पिवळं हाय. लग्न व्हायचंय का हिचं?"

मामा जरासुद्धा अडखळले नाहीत. "झालं! कालच झालं, आमच्या गावी. आता सासरी पोचवायला निघालोय."

नाक्याच्या पडवीत एक गृहस्थ उपरण्यानं वारा घेत बसले होते. ते उठले, आणि मी त्यांना ओळखलं. ते मुलाचे थोरले काका होते, आम्हाला सामोरे आलेले. मामांनी त्यांना ओळखलं नाही, कारण साखरपुड्याच्या वेळी मामा औरंगाबादला ज्ञान मिळवत होते.

"कुणाशी झालं म्हणता?" काकांनी विचारलं. "आमचा मुलगा तर हळद लावून घरी बसलाय."

मामांना एकाएकी नदीचं पाणी किती आटलंय ते पाहावंसं वाटलं. काकांनी आपल्या गाडीवानाला हाक मारली, "जुंप रे गाडी. इथं आपलं काही काम नाही." मी उतरायची धडपड करत होते, पण तीन लुगड्यांत माणूस उतरत नाही, घरंगळतो.

तेवढ्यात भाचीनं गाडीतून खाली उडी मारली.

"काका, लग्न झालेलं नाही. मामांनी जकात वाचवायला थाप मारली. हे लुगडं कोरं आहे. आत्याच्या अंगावरची तिन्ही कोरी आहेत. बाबांचं वरचं धोतर कोरं आहे." मग कारकुनाकडे वळून म्हणाली, "सगळं लिहा. पण लवकर लिहा, संध्याकाळी माझं लग्न आहे."

काकांनी गाडीवानाला हातानंच थांबवलं. कारकुनानं आता कुणाच्याच शब्दावर विश्वास न ठेवता एकेक पेटी उपसायला घेतली. ऊन कलायला लागलं. शेवटी काकाच पुढे झाले आणि बाहेर काढलेल्या कापडांच्या घड्या घालू लागले.

"आटपा हो," ते कारकुनाला म्हणाले. "आमच्या सुनेला उशीर होतोय."

सून हा शब्द ऐकला आणि मी श्वास सोडला, लुगडी सोडू देतील तितका. हाली रुपये मोजून दिले, पावती घेतली.

मांडवात चुरगळलेली अष्टपुत्री पाहून भटजी म्हणाले, "ही कोरी आहे ना?"

"सरकारी पावती आहे," काका म्हणाले. "धरा अंतरपाट."

लग्न लागलं. पंगतीत मामा शेजारच्याला समजावत होते की निजामाच्या हद्दीत यायचं तर सोबत माहितगार माणूस हवा.