टकटकमामांचा कान

देऊळ फार जुनं, आणि चुन्याचा थेंबही न वापरता बांधलेलं. खांबावर तुळई, तुळईवर छत, दगडात दगड अडकवलेला. सगळा भार एकमेकांच्या भरवशावर. मागे भूकंपात सभामंडप बसला, तेव्हा लोकांनी पडलेले दगड वेचून पुन्हा रचले. कुठला आतून तडकलाय, हे त्या घाईत कोण बघतो? ते बघणं पुढे टकटकमामांच्या नशिबी आलं.

मामा जातिवंत पाथरवट. हातोडीनं दगडावर टक् करायचं आणि कान द्यायचा. धड दगड खणखणीत वाजतो, तडकलेला बद्द. मामांनी मान डोलावली की दगड पास. बायको होती तोवर म्हणायची, "माझं एक अक्षर ऐकू येत नाही, आणि दगडांशी बरं गुलूगुलू चालतं!"

अलीकडे मामांना बोलणं खरंच कमी ऐकू यायचं. लेकीनं काही विचारलं की वर तिलाच दटावायचे, "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस?" चोराच्या उलट्या बोंबा. पण दगड छान वाजत होते. मग काळजी कसली?

त्या सकाळी आवारात एका शिळेवर त्यांनी हातोडी उगारली, तेवढ्यात मागून कोणीतरी खांद्याला हात लावला आणि त्यांचा हात मध्येच थांबला. हातोडी दगडाला लागलीच नव्हती. तरीही धड दगडाचा तो खणखणीत नाद येत होता. स्वच्छ, लांबलचक.

मामांनी हातोडी खाली ठेवली, कानात बोटं घातली. नाद चालूच. म्हणजे तो दगडाचा नव्हताच. तो त्यांच्याच कानात होता, कधीपासून कोण जाणे.

आणि कालच त्यांनी मंडपातली मधली तुळई पास केली होती. तेवढा भाग दोर बांधून बंद ठेवला होता, आणि आज तिच्याखालचे टेकू निघणार होते. काढणारी टोळी लेकीची.

मामा हातोडी उचलून धावले. दोरापाशी येऊन मात्र ते थबकले, लाज वाटते सांगायला, पण थबकले. हे बोललं की संपलं. उभ्या जन्माची अब्रू या एका कानावर होती. तेवढ्यात पहिला टेकू निघाला.

"थांबा! बाहेर या सगळे!"

लेक वळली. जवळ येऊन मोठ्यानं म्हणाली, "अहो बाबा, काल तुम्हीच तर मान डोलावलीत!"

"मला ऐकू येत नाही गं. काल पण नव्हतं आलं."

तिनं आधी टेकू परत लावून घेतला. मग मामांच्या हातातली हातोडी घेतली, बांबूंच्या परांचीवर चढली आणि तुळईवर टक् केलं. मामांना ऐकू आला तो नेहमीचाच सुरेख नाद. पण खाली उभ्या माणसांचे चेहरे पांढरेफटक पडले.

लेक वरून काहीतरी म्हणाली. ते मामांना कळलं नाही; तिची नजर मात्र कळली. ती या तुळईवरून पुढच्या तुळईवर गेली, तिथून त्याच्या पुढच्या, थेट गाभाऱ्यापर्यंत. सगळ्या मामांनीच पास केलेल्या. त्यांच्याखाली दर्शनाची रांग उभी होती.