पिवळी चिठ्ठी आणि पाडलेलं न्हाणीघर

गेल्या उन्हाळ्यापासून आमच्या घराला न्हाणीघर नाही, आणि त्याचं कारण म्हणजे मी स्वतःला लावून घेतलेली शिस्त.

मी हट्टा गावाजवळच्या एका खेड्यात मास्तर आहे. घरची हळदीची शेती बायको सुनंदा बघते. कोणत्या वावराला पाणी कधी द्यायचं, कोण मजूर येणार, कोण नुसतंच 'येतो' म्हणणार, सगळं तिच्या डोक्यात असतं. माझ्या डोक्यात मात्र काही म्हणता काही राहत नाही. एकदा तिला माहेराहून आणायला गेलो, सासुरवाडीला पोटभर जेवलो, पान खाल्लं आणि एकटाच परत आलो! (घरी येऊन 'चहा टाक गं' म्हणालो, तेव्हा कुठे लक्षात आलं.)

उपाय करायचे मी सोडले नाहीत. डायरी आणली, ती सहा जानेवारीनंतर सापडली नाही. मोबाईलला दिवसात अकरा वेळा घंटा लावली. कोणती कशासाठी, ते लिहायचं राहिलं. रुमालाला गाठी मारल्या, सुनंदाने धुताना त्या सोडवल्या आणि वर विचारलं, "अवो, रुमालाला काहून छळून राहिले?"

शेवटी मी स्वतःची पद्धत शोधली. ओसरीत एक दोरी बांधली, तिला कपड्यांचे चिमटे लावले आणि चिमट्यांना चिठ्ठ्या. पांढरी चिठ्ठी म्हणजे 'कधीतरी, जमलं तर'. पिवळी म्हणजे 'आजच्या आज'. काम झालं की हिरवी लावायची. (हिरव्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा अजून कोरा आहे.) मग घरच्यांना बसवून मी भाषण दिलं.

"पिवळी चिठ्ठी ज्याला दिसेल, त्याने ते काम करायचं. कुणाला विचारायचं नाही, वाट बघायची नाही!"

माझे वडील अण्णा शांतपणे म्हणाले, "आन काम समजलं न्हाई तर?"

"तरी करायचं!"

"बराबर," अण्णा म्हणाले. हे 'बराबर' मला पुढे फार महागात पडलं.

पांढऱ्या चिठ्ठ्या लिहायला मला फार मजा आली. कधीच करायची नसलेली कामं लिहून टाकली की आपण मोठे कर्तबगार आहोत असं वाटतं. 'न्हाणीघर पाडून नवीन बांधणे.' 'आत्याला महिनाभर राहायला बोलावणे.' 'मुख्याध्यापकांना एकदा स्पष्ट सांगून टाकणे.' अशा तीन चिठ्ठ्या कित्येक दिवस दोरीवर निवांत झुलत होत्या.

त्याच दिवसांत आमची खालच्या वावरातली हळद काढून झाली. ओली हळद ढिगात पडून राहिली की तिचा रंग उतरतो. ती लवकर शिजवावी लागते. गावात शिजवायचा बॉयलर एकच, आणि त्याला नंबर लावावे लागतात. सुनंदाने वर्षभर राबून पीक आणलं होतं आणि मला काम सांगितलं होतं फक्त एक.

"उद्या दोनच्या आत बॉयलरवाल्या सखारामभाऊला जातीनं भेटा. न्हाई भेटलं तर नंबर दुसऱ्याला जातो. ध्यानात राहील नं?"

"ध्यानात कशाला ठेवायचं? चिठ्ठी आहे की!" मी म्हणालो आणि पिवळ्या कागदावर ठळक अक्षरात लिहून दोरीच्या टोकाला लावलं. काम लिहून टाकलं की ते झाल्यासारखंच वाटतं, हा या पद्धतीचा मोठा गुण.

दुसऱ्या दिवशी मी निर्धास्तपणे वसमतला शिक्षकांच्या प्रशिक्षणाला गेलो. विषय होता, वेळेचं नियोजन! मोबाईल बंद ठेवायची सूचना होती, तीही मी पाळली. सुनंदा उजाडताच मजूर घेऊन वावरात गेली. घरी राहिले अण्णा. आणि त्याच सकाळी, वरच्या वावरातली आधी शिजवून वाळवलेली हळद पॉलिश करायला ट्रॅक्टरवाला त्याचा ड्रम घेऊन अंगणात आला.

हळदीचा ड्रम फिरताना ज्यांनी पाहिलाय, त्यांना पुढचं सांगायला नको. तासाभरात उडालेल्या हळदीच्या भुकटीनं आमचं अंगण पिवळं, ओसरी पिवळी, अण्णांचं धोतर पिवळं आणि पांढरी मांजर पिवळी. आणि दोरीवरच्या साऱ्या चिठ्ठ्या, एकजात पिवळ्या!

संध्याकाळी साडेचारला मी जीपमधून उतरलो. घराजवळ आलो तर अंगणात विटांचा ढीग आणि ढिगावर टिकाव टेकवून बसलेले दोन मजूर. न्हाणीघराच्या जागी थेट शेजाऱ्यांची म्हैस दिसत होती. तीही माझ्याकडे बघत होती.

"अण्णा! न्हाणीघर कुठंय?"

"पाडलं," अण्णा ताठ मानेनं म्हणाले. "पिवळी चिठ्ठी व्हती. सकाळी नऊलाच माणसं लावली. एकटा पडलो म्हणून, न्हाईतर दुपारपर्यंत पायाबी उकरला असता!"

मी कपाळावर हात मारतोय तोवर आतून आवाज आला, "आलं का माझं लेकरू!" आखाडा बाळापूरची आत्या, अण्णांची थोरली बहीण, ट्रंक आणि गादीसकट आली होती. "पमू, इतक्या तातडीनं बोलावलंस, मी भाजी तशीच चुलीवर सोडून आले बघ. महिना काय, दोन महिने राहते!" एवढं बोलून तिने इकडेतिकडे पाहिलं. "आंघोळीला कुठं जायाचं रे?"

तेवढ्यात ओसरीतून खाकरण्याचा आवाज आला. तिथे आमचे मुख्याध्यापक बसले होते, हातात चहाची बशी आणि चेहऱ्यावर ताण.

अण्णा कानाशी आले. "मीच फोन लावला. म्हणलं, माझ्या पोराला तुमाला काईतरी स्पष्ट सांगायचंय. काय ते मला ठाव न्हाई, पण लई तातडीचं हाय."

"बोला मास्तर," मुख्याध्यापक म्हणाले. "मी तीनपासून बसलोय."

मला सांगायचं होतं की शाळेतली सगळी फालतू कामं माझ्याच गळ्यात काहून येतात. ते अडीच वर्षं मनात घोकलेलं भाषण होतं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "सर, तुमचं अक्षर फार सुंदर आहे."

ते बशी खाली ठेवून, कपडे झटकून पिवळे पिवळे निघून गेले.

तेव्हा मला दोरीच्या टोकाला एकटीच उरलेली चिठ्ठी दिसली.

"अण्णा, ही? सखारामभाऊची?"

"ती चौथी," अण्णा वैतागले. "मी त्या टोकाकडून सुरुवात केली. सगळ्याच तातडीच्या! एका माणसानं किती करायचं रे?"

मी तसाच वावराकडे पळालो. ढिगाजवळ सुनंदा एकटीच उभी होती. मजूर वाट बघून घरी गेले होते आणि बॉयलर आमचा नंबर मिळालेल्या किसनभाऊच्या वावरात धूर सोडत होता.

"आठ दिसांनी नंबर हाय आता," ती म्हणाली. "तुमाला येकच काम सांगितलं व्हतं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला खरंच लाज वाटली. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघांनी मुकाट्याने, हळदीला ऊन लागू नये म्हणून, ढिगावर पाला पसरला. हळद वाचली, रंग थोडा उतरला. सुनंदा चार दिवस माझ्याशी बोलली नाही. आत्या तेवढ्यात तिच्या वाटचंही बोलली.

आता दोरी कपडे वाळवायच्या कामाला आहे. रोज सकाळी सुनंदा माझा तळहात समोर धरते आणि बॉलपेनने त्यावर दिवसाचं एक काम लिहून देते. अक्षर संध्याकाळपर्यंत टिकतं. आंघोळीने पुसायची भीती नाही, कारण न्हाणीघर अजून बांधायचंच आहे. त्याची चिठ्ठी मी केव्हाच लिहून ठेवली असती, पण कोणत्या रंगाच्या कागदावर लिहावी, ते ठरत नाहीये!