खडीच्या रस्त्यावरून ताईला आणताना

ताई गेल्याचं भाच्याने फोनवर सरळ सांगितलं. "मावशी, आई गेली," एवढंच. त्याला दोष देत नाही. आता तसंच सांगतात. पण फोन ठेवल्यावर मला आधी आठवला तो सुरतेजवळच्या इच्छापोरच्या पुढचा खडीचा रस्ता, आणि आईची बातमी घेऊन त्यावरून ताईकडे निघालेली मी.

नव्वदनंतरची वर्षं होती. बाबांच्या नोकरीमुळे आम्ही सुरतेत, अडाजणच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. उन्हाळा संपत आला होता. आईची कावीळ बरी होता होता उलटली आणि एका सकाळी ती गेली. ताई तशी जवळच होती. भाऊजी इच्छापोरला एका कारखान्यात कंत्राटावर होते, आणि भाडं परवडावं म्हणून दोघं आत एका खेड्यात खोली घेऊन राहत. तिथला एकुलता एक फोन दूधमंडळीत, म्हणजे दूध सोसायटीत, आणि सकाळचं दूध गेलं की मंडळीला कुलूप. बाबा शेजाऱ्यांच्या स्कूटरवर बसून सामान आणायला गेले होते. दादाने आईजवळून उठायचं नव्हतं. रस्ता माहीत असलेली मीच उरले. मी तेव्हा कॉलेजात होते, सायकल होती.

त्या उकाड्यात फार वेळ थांबता येणार नव्हतं. आमच्याकडे बायका स्मशानात जात नसत, त्यामुळे ताईला आईचं तोंड दिसलं तर दारातच दिसणार होतं. निघताना काकूने मला बाजूला घेतलं.

"गेली म्हणायचं नाही. जास्त आहे, एवढंच सांग. वाटेत चक्कर येऊन पडली तर तू एकटी काय करणार?"

आमच्यात बातमी अशीच नेत. सांगणाऱ्याने बोलायचं नाही, ऐकणाऱ्याने ओळखायचं.

डांबर संपलं की खडी सुरू व्हायची. रस्ता करायला म्हणून ओतलेली, पण रोलर न फिरवलेली, त्यामुळे चाकाखालून सरकणारी. ट्रकच्या चाकांनी दोन चाकोऱ्या पडल्या होत्या, तेवढ्यातूनच सायकल चालायची. समोरून ट्रक आला की उतरून बाभळींच्या धुळीत उभं राहायचं. हँडलने तळहात बधिर झाले होते. मी रस्त्याकडे कमी आणि पुढच्या टायरकडे जास्त बघत होते. पंक्चर झालं तर काय, याच्यापुढे विचार जातच नव्हता.

ताई अंगणात वर्षभराच्या गव्हाला एरंडेल चोळत बसली होती. मी काकूचे शब्द म्हटले. तिने ओळखलं नाही. मागच्या महिन्यात दोनदा आई 'जास्त' झाली होती आणि दोन्ही वेळा ताई धावत येऊन परत गेली होती.

"काकूने पाठवलं असेल," ती हसली. "तिला कोणी शिंकलं तरी तार करायची असते."

आभाळ भरून आलं होतं, गहू बाहेर टाकून जाता येणार नव्हतं. तिने तो कोठीत भरला. मीही भरू लागले. मग तिने हात धुतले, भाऊजींसाठी भात लावला, शेजारणीला सांगून आली, साडी बदलली. मी दोनदा चल म्हटलं. आई काय आज पहिल्यांदा आजारी पडली का, असं तिने विचारलं.

शेवटी ती कॅरिअरवर बसली. खडीवर डबलसीट सायकल चालेना. मोकळी खडी आली की ती उतरायची, चालायची, मग पुन्हा बसायची. आता आईला अंगणात घेतलं असेल, आता अंघोळ घातली असेल, असं माझ्या मनात चाललं होतं आणि ताई मागून गव्हाचा भाव सांगत होती.

खडी संपून डांबर लागतं तिथे एकजण ताडगोळे विकत बसला होता. ताडगोळ्याला सुरतेत गलेली म्हणतात. ताईने थांबवलंच. काविळीत थंड बरं, आईला आवडतात, म्हणाली. त्याला कोवळ्या निवडून द्यायला सांगितलं. तो एकेक फळ कोयत्याने सावकाश फोडत होता, आणि ती जून निघालेली बाजूला काढायला लावत होती.

"ताई, नको घेऊस," मी म्हटलं. "आई सकाळीच गेली."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती पडेल. मी सायकल सोडून तिला धरायला पुढे झाले, तर तिने पडती सायकलच धरली.

"नेलं का?"

"माहीत नाही."

"दोघींनी जाऊन नाही जमणार. तू मागून ये."

साडी खोचून ती सायकलवर चढली. लग्नानंतर तिने सायकल चालवलेली मी पाहिली नव्हती. हजिराच्या कारखान्यांकडून येणाऱ्या ट्रकांच्या बाजूने ती वेडीवाकडी जात दिसेनाशी झाली.

मला शटल रिक्षा मिळायला फार वेळ लागला. रस्ताभर मी डाव्या बाजूला बघत होते, कुठे गर्दी जमली आहे का, कुठे सायकल पडली आहे का. घरी पोचले तर फरशी धुऊन काढली होती. ताई नव्हती.

"तू एकटी कशी?" काकूने विचारलं. "ती कुठंय?"

मी फाटकात जाऊन उभी राहिले. काकू मागून काहीतरी बोलत होती. कोपऱ्यावरून ताई आली ती पायी, सायकल ढकलत. चेन उतरली होती आणि हात काळे झाले होते.

तापीकडे जाणारी माणसं तिला वाटेतच भेटली होती, विसाव्याला तिरडी खाली ठेवलेली असताना. तिने सायकल मधेच टाकली. कोणीतरी बाईमाणसाला मागे व्हायला सांगितलं, पण दादाने आईच्या तोंडावरचं कापड काढलं.



"भांग वाकडा पाडला होता कोणीतरी," ताई मला म्हणाली. "मी बोटांनी सरळ केला."

मीच पाडला होता, निघायच्या घाईत. तसं मी सांगितलं.

"हो का," ती म्हणाली, आणि पायरीवर बसून चेन बसवू लागली.