होडीत मी राख मागितली

...गोठ्यातलं शेण काढून झालं होतं, चुलीतली राख मी टोपल्यात भरत होते, आणि हे दारातून आत आले. हातात पिशवी, पिशवीत ओल्या गवतात गुंडाळलेली मरळ. "जल्दी राख आण, अजून जिती हाय," म्हणाले आणि ओट्यावर टेकले.

जाफराबादला आमच्या घरापासून पूर्णा नदी जवळ. हे रविवारी पहाटे गळ घेऊन डोहावर जायचे. माशाला राख चोळली की तो हातातून निसटत नाही, खवलंही सहज निघतात. मी दगडावर मासा घासायची आणि हे सुटून गेलेल्या माशाची गोष्ट सांगायचे... सुटलेला नेहमी मोठाच असायचा.

त्या सकाळी विशेष काही घडलं नव्हतं. तरी तीच आठवते.

हे गेले तेव्हा दहाव्याला घरातल्या प्रत्येकानं त्यांच्या आवडीचं काहीतरी त्यांच्या नावानं सोडलं. आमच्याकडे तशी रीत आहे, वर्षभर ते खायचं नाही. दिरांनी गूळ सोडला, मुलीनं आंबा, मी मासे.

वर्षश्राद्ध झालं, सगळ्यांनी आपापलं परत सुरू केलं. माझं राहून गेलं... एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. कुणी विचारलं तर सांगायची, आता वासच नको वाटतो. खरं तसं नव्हतं. मासा खाल्ला की हे खरंच गेले, असं काहीतरी मनात बसलं होतं.

मागच्या महिन्यात मुलीकडे गेले. ती नर्स आहे, मालवणच्या बाजूला नोकरीला. तिनं मला न विचारताच एक ट्रिप बुक करून ठेवली होती... सकाळी होडीतून किनाऱ्याजवळच न्यायचं, मासे कसे धरायचे ते शिकवायचं आणि दुपारी परत आणून सोडायचं.

मी नको म्हणाले. ती म्हणाली, "आई, नुसते धरायचेत. खा असं कोण म्हणून राह्यलंय तुला?" कोकणात इतकी वर्षं राहूनही माझ्याशी ती आपल्याच बोलीत बोलते.

लुगड्यावरून भगव्या रंगाचं लाइफ जॅकेट घातलं. मुलगी फोटो काढायला लागली. मी म्हटलं, "गावात दाखवू नको, म्हातारी रस्त्याच्या कामाला लागली म्हणतील."

समुद्राविषयी मी पुष्कळ वाचलेलं आहे. शाळा चौथीत सुटली, पण वाचनालयातली पुस्तकं एकेक करत वाचत गेले. तरी होडी हलायला लागली तेव्हा मी मुलीचा दंड धरला तो बराच वेळ सोडला नाही.

होडीवाले माझ्याच वयाचे असतील, पण मला काकी म्हणत होते. खाडीच्या तोंडाशी खडक आहेत, तिथे त्यांनी होडी थांबवली. मुलीला रॉड दिला. मला रॉडचं ते दोरी गुंडाळायचं चाक फिरवायचं जमेना, म्हणून त्यांनी साधी दोरी दिली, टोकाला गळ आणि कोळंबीचा तुकडा. "दोरी बोटावर ठेवा काकी. मासा आधी विचारतो, मग खातो. विचारतो तेव्हा ओढू नका."

बसले... बोटावर दोरी, खाली पाणी. किती वेळ गेला माहीत नाही. हलकेच काहीतरी टोचल्यासारखं झालं, थांबलं, पुन्हा झालं. मी श्वास रोखून बसले. मग एकदम दोरी खाली गेली आणि मी ओढली. "खेचा काकी, खेचा, थांबू नका आता," ते म्हणत होते. मुलगी माझी कंबर धरून उभी.

तांबोशी होती. लालसर, हातभर नसेल, पण बरी होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोरी बोटावर असेपर्यंत मला ह्यांची आठवणच आली नव्हती. हे गेल्यापासून असा एक तास गेला नव्हता. मी घाबरले... आणि मग कळलं, दर रविवारी डोहावर हे काय करायचे ते. मला वाटायचं घरच्या कटकटीतून पळतात. पळत नव्हते. तिथे मन बोटात येऊन बसतं, बाकी कुठं जातच नाही. मी एकदाही त्यांना म्हटलं नाही, मलाही न्या. त्यांनीही विचारलं नाही. बाईनं नदीवर गळ टाकून बसायचं, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

होडीवाल्यांनी विचारलं, "ठेवायचा, की परत पाण्यात?" मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

माझ्या तोंडून निघालं, "राख आहे का?"

ते हसले. "होडीत राख कुठनं आणू काकी? चूल पेटवू काय?"

"मंग सुरी तरी द्या," मी म्हटलं. होडीतच बसून खाऱ्या पाण्यात मासा साफ केला. हात काही विसरले नव्हते.

संध्याकाळी कालवण केलं. मुलीला वाढलं, स्वतः वरणभात घेतला. ती म्हणाली, "मीठ बराबर हाय का, चाखून तर बघ." मी म्हटलं, "वासावरून कळतं मला." तिनं दोन तुकडे झाकून फ्रिजमध्ये ठेवले, पुढं काही म्हणाली नाही. त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

तास दोन तास आठवण आली नाही तरी माणूस कुठं जात नाही, एवढं त्या दिवशी समजलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी ड्युटीवर गेल्यावर मी ज्वारीची एक भाकरी टाकली, कालवण गरम केलं आणि जेवले.