हळदीतला अतिरेकी

अलिबागहून थळकडे जाताना खाजणाच्या कडेला आगऱ्यांचं एक गाव लागतं. तिथे एके काळी गोदूआई मांडवात येऊन बसल्याशिवाय नवऱ्या मुलाला हळद लागत नसे. गोदूआई धवलारीण. भटजी येणार तो मंगलाष्टकांपुरता. त्याआधी मांडव घालण्यापासून उंबराची फांदी आणण्यापर्यंत आणि तांदूळ कांडण्यापासून हळद लावण्यापर्यंत प्रत्येक विधीला धवला, म्हणजे विधीचं गाणं, गायचा तो धवलारणीनं. देवांना आवतण तिनं द्यायचं, पितरांना तिनं बोलवायचं, आणि मधूनच नवऱ्याच्या मामाची नाहीतर आत्याची फिरकीही तिनंच घ्यायची. मान मोठा, पण गळाही तसाच लागतो.

धाकटी सून विनिता घरात आली तेव्हा गोदूआईनं तिला आधी भाकरी थापायला लावली नाही, गायला लावलं. पोरीनं लाजत लाजत दोन ओळी म्हटल्या. गोदूआई थोरल्या सुनेला म्हणाली, "नूतन, हिला चुलीपाशी बसवू नको गो. धुरानं गला जाईल."

नूतन जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ती म्हणाली, "म्हणजे धूर सगळा माझ्या वाट्याला. बरं आहे."

दोन्ही जावा हसल्या आणि त्यांचं जमलं ते तिथूनच.

विनिताच्या लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. ती आणि तिचा नवरा सदा नाशिकला नणंदेकडे निघाले होते, मुंबईच्या मोठ्या स्टेशनात गाडीची वाट बघत बसले होते. नोव्हेंबर महिना, तुळशीची लग्नं उरकून माणसांची सुरू झालेली. एकाएकी ताडताड आवाज आले. विनिताला वाटलं, कुणाची तरी वरात आली. "स्टेशनात पन फटाक्यांची माल लावली बघा कुनी," असं सदाला म्हणत ती वरात बघायला हसत उठून उभी राहिली. सदानं हाताला धरून तिला बाकड्याखाली ओढलं म्हणून ती वाचली. त्या रात्रीचं पुढचं तिनं घरात कुणाला कधी नीट सांगितलं नाही. विचारलंच तर एवढंच म्हणायची, "मी हसत उभी राहिले व्हते."

अंगावर ओरखडा नव्हता. पण घरी आल्यावर दिसायला लागलं. ट्रकचं टायर फुटलं की ही पडवीतून माजघरात. दिवाळीत सदानं आपणहून ठरवलं, या घरात फटाका वाजणार नाही. नूतनचा हितेश तेव्हा सहा वर्षांचा. त्याला फुलबाजी मिळायची, बस. शेजारची पोरं सुतळी बॉम्ब लावायची आणि हा काकीच्या कानांवर हात ठेवून तिच्या मांडीवर बसायचा. आपले कान झाकायला त्याला हातच उरायचे नाहीत.

खरी गोष्ट बिघडली ती एका लग्नात. गोदूआईला ताप होता म्हणून विनिता पहिल्यांदा एकटी धवला गायला गेली. नवरीला पाटावर बसवलेलं, हळदीची वाटी पुढे, विनिताचा आवाज असा लागलेला की बाहेरच्या बाप्यांनी पत्ते खाली ठेवले. तेवढ्यात कुणीतरी हौसेनं माळ पेटवली. विनिता अर्ध्या ओळीवर उठली आणि चपला न घालता शेतातून पळत घरी आली. पाटावरची नवरी तशीच बसून राहिली. लोक वाईट बोलले नाहीत. वाईट बोलले असते तर परवडलं असतं. "बिचारी" म्हणाले. पुढे त्या गावात कुणाच्या मांडवात पेणकडची धवलारीण येऊ लागली, कुणाच्या मांडवात नुसतीच धवल्यांची सीडी.

या सगळ्यात टीव्ही होता तो होताच. स्टेशनावरच्या त्या अतिरेकी हल्ल्यावर एकामागून एक सिनेमे आले, मग मालिका आल्या. एकदा घरात पाहुणे असताना एक सिनेमा लागला आणि भिडेपोटी कुणी बंद केला नाही. विनिता अर्धा तास बसली. मागीलदारी भांडी घासताना नूतनला म्हणाली, "ताई, त्यात आधी गानं वाजतं."

"कसलं गाणं?"

"गानं म्हंजे, ढूम ढूम. आता गोल्या सुटनार म्हनून आधीच कलतं. तिथं तसं काय वाजलं न्हवतं. चहावाला सुट्टे मोजीत व्हता." तिनं टोप उपडा घातला. "आनि त्यात मारनाऱ्याचं तोंड केवढं मोठं दाखवतात. मना त्याचं तोंड दिसलंच न्हाय. बूट दिसले. मरनारी मानसं त्यात बोलून मरतात. तिथं कोन काय बोललं न्हाय गो."

"मग बघू नये ना ते. त्यांना धंदा करायचाय."

"धंदा का करू नये? त्यांचं काम हाय ते. पन मधेच सगले उठले, वेफर आनायला गेले. मना वाटलं, मी अजून बाकड्याखालीच हाय नि घरची सगली मना सोडून खायला गेली."

नूतननं तिच्यापुढचा टोप ओढून घेऊन विसळला. ती पोराची आई. तिला सारखी धास्ती असे ती याची की आपल्या हितेशनं काकीची भीती उचलली तर? आणि उचलली नाही, काकीला हसायला लागला, तर? अगदी गेल्या वर्षी पहाडात फिरायला गेलेल्या माणसांना अतिरेक्यांनी मारलं, तेव्हा बातम्यांतही तसंच ढूम ढूम वाजत होतं. विनिता दारात उभी राहून विचारत होती, "हे खरं हाय का सिनेमा?" घरातल्या शिकल्यासवरल्या माणसांनाही क्षणभर सांगता येईना.

हितेश मोठा होऊन नाटकवेडा झाला. कॉलेजातल्या एकांकिका, मग नवी मुंबईत भाड्याची खोली, मग ऑडिशनवर ऑडिशन. एक दिवस काम मिळालं: त्याच हल्ल्यावरच्या एका वेब सिरीजमध्ये, स्टेशनावर गोळ्या झाडणाऱ्या दोघांपैकी मागचा. घरात ही बातमी नूतनलाच तेवढी कळली आणि तिनं तोंडावर बोट ठेवलं. मग सदाला कळली, मग गावाला. पोरांनी मोबाइलवर बघितलं, बायकांनी बघितलं. विनिता आली की फोन पालथे पडायचे.

शेवटी ते फुटलं थळच्या बाजारात. आवडाबाई मासे मोजता मोजता म्हणाली, "तुझ्या पुतन्यानं कसली धडाधड मानसं पाडली गो. आमचा नातू तं त्याच्यासारखाच चालतंय."

विनिता सुरमई न घेताच घरी आली. हितेश सुटीवर आला होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मना सांगितलं का न्हाय?"

"काकी, तुला बघवलं नसतं."

"बघनं येगलं, ठावं असनं येगलं. गावाला ठावं, मासेवालीला ठावं, नि मी काय भिताड हाय?"

"काम मिळत नव्हतं गं. दोन वर्षं फिरलो. हे मिळालं, नको म्हणायची हिंमत झाली नाही."

"न्हाय कशाला म्हनायचं? कोनीतरी त्याचं काम करनारच. तू चोरून केलंस त्याचा राग हाय." आणि ती आत गेली. चार दिवस त्याच्या ताटात तिनं काही वाढलं नाही. पाचव्या दिवशी कोलंबीचं कालवण आलं.

त्याच वर्षी वैशाखात हितेशचं लग्न ठरलं. मुलगी मृणाली, पलीकडच्या गावची. गोदूआईचा गळा आता पार बसला होता. बोलली तरी फुंकर घातल्यासारखं ऐकू यायचं. पण तिनं सगळ्यांना बोलावून सांगितलं, "माझ्या नातवाच्या मांडवात बाहेरची धवलारीन येनार न्हाय. सीडी लावलीत तं मी जेवनार न्हाय. विनिता गाईल."

"आनि मी पलाले तं?" विनितानं विचारलं.

"तं हितेश बिनहलदीचा राहील. बग बाय आता."

म्हातारी असं बोलून तंबाखू मळायला लागली आणि विनिताची झोप उडाली. दुसऱ्याच्या मांडवातून पळणं एक; स्वतः वाढवलेल्या पोराला हळद लागता लागता सोडून पळाली, तर पुढे कुठल्या तोंडानं गाणार? नूतननं आपल्या परीनं बंदोबस्त केला. फटाके नाहीत. धवला संपेपर्यंत डीजे नाही. हितेशचा नाटकातला मित्र ऋत्विक डीजे आणि मोठा एलईडी पडदा घेऊन येणार होता. त्याला तिनं शाळेतल्या पोराला सांगावं तसं तीनतीनदा बजावलं. "हो मॅडम, टेन्शनच नाही," तो म्हणाला.

मांडव झाला, उंबर आला, तांदूळ कांडले. प्रत्येक वेळी विनिता गायली. आवाज जपून, जणू उसना आणलेला. संध्याकाळी हळद. हितेश पाटावर, अंगभर पिवळा. विनितानं देवांना आवतण द्यायला तोंड उघडलं. आणि ऋत्विकला वाटलं, आता नवरदेवाला सरप्राइज द्यायची हीच वेळ. गाणं वाजवू नको असं सांगितलं होतं. व्हिडिओचं कुणी काही बोललं नव्हतं.

पडदा उजळला. ढूम ढूम झालं. आणि मग भिंतीएवढ्या दोन कर्ण्यांतून गोळ्या सुटल्या.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. नूतनच्या हातातली वाटी सुटली. हितेश पाटावरून उठून ओरडला, "बंद कर! ऋत्विक, बंद कर!" गोदूआईची नजर गेली ती विनिताकडे.

विनिता उठली होती. तिच्या पायांना वाट माहीत होती. एक पाय मांडवाच्या बाहेर पडलाही. एका हातानं तिनं कडेचा खांब धरला होता. पण बाहेर जायचं तर पडद्यासमोरूनच जावं लागत होतं, म्हणून तिनं वर बघितलं. एवढी वर्षं तिला बूटच आठवत होते. आज पहिल्यांदा तोंड दिसलं. घराएवढं तोंड. तिनं पावडर लावलेलं, शेंबूड पुसलेलं.

आणि त्या तोंडानं, बंदुकीतून गोळी सुटली की, डोळे घट्ट मिटून घेतले. परत गोळी, परत डोळे मिटलेले. पुढचा नट तावातावानं झाडतोय आणि मागे हा, गाल आवळून, मान खांद्यात ओढून.

ऋत्विकनं घाबरून पडदा बंद केला.

"परत लाव," विनिता म्हणाली.

"काकी, नको," हितेश म्हणाला.

"तू गप बस. लाव रे पोरा. आवाज कमी करून लाव."

ऋत्विकनं नूतनकडे बघितलं. नूतननं मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, तिलाही कळलं नाही. त्यानं लावला. विनिता कंबरेवर हात ठेवून पडद्यासमोर उभी राहिली. गोळी सुटली, तिचा खांदा उडाला. पडद्यावरच्या हितेशचाही उडाला. दोघांचे खांदे एकदमच उडत होते. पाटावर उभ्या राहिलेल्या तिसऱ्याचाही, खऱ्या हितेशचाही.

आणि विनिता हसायला लागली. आधी नाकातल्या नाकात, मग पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. "अरे, हा कसला अतिरेकी," ती म्हणाली. "हा स्वतःच्याच बंदुकीला भितोय."

मोबाइलच्या बोटभर पडद्यावर हे गावात कुणाला दिसलंच नव्हतं. आता सगळ्यांना दिसलं. बाप्ये हसले, बायका हसल्या, हितेश लाल झाला तो हळदीतूनही दिसला. "दिग्दर्शकानं वीस वेळा घेतला गं तो शॉट," तो पुटपुटला. "म्हणाला, फटाके वाजवले नाहीस का कधी लहानपणी?"

"मंग काय सांगितलंस?"

"सांगितलं, आमच्या घरात नाही वाजवत."

विनिताचं हसू तिथे थांबलं. मग त्याला खांद्याला धरून खाली बसवलं, स्वतः समोर मांडी घातली, आणि तिनं आवाज लावला. उसना नव्हे, स्वतःचा. देवांचं आवतण राहिलं बाजूला. त्या जागी तिला जे सुचलं ते आलं:

*नवरा माझा शूर गो, बंदूक हाती धरितो,*
*आपलाच बार ऐकून गो, डोले आपुले मिटितो.*

बायकांनी ओळ उचलली. गोदूआईच्या ओठांची हालचाल होत होती. आवाज नव्हता, पण ताल बरोबर होता.

*काढा गो बंदूक हातची, हलदीची वाटी द्या गो,*
*भ्याला पोर माझा गो, कुशीत त्याला घ्या गो.*

या ओळीला नूतन पुढे झाली आणि साडीची पर्वा न करता तिनं हळदीनं माखलेल्या पोराला जवळ घेतलं. मग विनितानं देव बोलावले. गावदेवी बोलावली, खाजणातला देव बोलावला, पितर बोलावले, एकेकाचं नाव घेऊन. पलीकडच्या आळीतली माणसं येऊन मांडवाच्या कडेला उभी राहिली. हळद अर्धीमुर्धी नाही, पुरी लागली. पाटावरून उठायला हितेशला उशीर झाला एवढी. त्यानंतर ऋत्विकला डीजेची परवानगी मिळाली, आणि त्यावर पहिली नाचली ती गोदूआई, बसल्या जागी.

जेवणं चालली असताना आवडाबाई हात धुऊन विनितापाशी आली. तिच्या नातीचं लग्न जवळ आलं होतं.

"आमच्या मांडवात येशील?"

"येईन. पन माल लावायची असंल तं आधी मना सांगायचं. सांगून काय वाजवायचं ते वाजवा."

"आनि पोरांनी न सांगता लावली तं? पोरंच ती."

विनितानं जरा विचार केला. "तं उठन. बाहेर जाईन, पानी पिईन, नि परत येईन. तवर नवरीची हलद सुकू देऊ नका."

आवडाबाईनं कनवटीची सुपारी काढून आवतण म्हणून तिथल्या तिथं तिच्या हातावर ठेवली.