आमची काळी दोन

गुरुवारी बैठकीतून घरी आलो की बायको पाणी देता देता विचारते, "आज कोण रुसलं?" शहागंजात कापडाच्या दुकानावरच्या एका खोलीत आम्ही तिघं बावीस वर्षं गाणं करतोय. किस्से साचणारच. दिलीप गातो. तो बजाजनगरला राहतो, कंपनीतून सुटला की तसाच येतो. बबन लासूर स्टेशनहून येतो, तबला वाजवतो. मी पेटीवर.

*

एकदा दुरुस्तीवाल्यानं आमच्या पेटीचे सगळे सूर एक स्वर खाली बसवून दिले. म्हणजे आमची काळी दोन, दुसरी काळी पट्टी, दाबली की बाहेरच्या पेटीची काळी एक वाजायची. मी सांगणारच होतो, तेवढ्यात दिलीप काळी दोन धरून गायला बसला. या पट्टीत वरचा सा एरवी त्याला ताणूनच लागायचा. त्या दिवशी अलगद लागला!

"माझा आवाज चढला रे," म्हणत त्यानं खाली जाऊन गरम इमरती आणली. इमरती खाऊन झाल्यावर असलं काही सांगता येतं का? राहिलं ते राहिलंच.

*

मागच्या हिवाळ्यात दिलीपला मोठा कार्यक्रम मिळाला. बीड बायपासकडचं लॉन, मेणबत्त्यांच्या उजेडात शास्त्रीय गायन.

"साथीला पुण्याची माणसं हायेत," तो खाली बघत म्हणाला.

"मंग आमी काय करावं?" बबननं विचारलं.

"तुमाला पास हायेत ना. पहिल्या रांगेचे."

बबन हसला. मला हसू आलं नाही. बावीस वर्षं त्याच्या डाव्या हाताला मी बसलोय. माझ्या पोटात असं दुखलं की ओवा खाऊन थांबलं नसतं.

*

पोस्टरवरचा फोटो आमच्याच खोलीतला होता. दिलीप पूर्ण आणि माझं कोपर.

बायको पोस्टर निरखून म्हणाली, "कोपर तुमचंच वाटतंय."

*

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दिलीपचा फोन आला. "पुण्याचे पेटीवाले पट्टी विचारायलेत. कोणती सांगू?"

मला खरं उत्तर माहीत होतं. जगात फक्त मलाच माहीत होतं.

"आपलीच की," मी म्हणालो. "काळी दोन."

*

लॉनवर गेलो तर मेणबत्त्या सेलच्या. बबननं एक उलटी करून बघितली, खालचं बटण दाबलं, विझवली, परत लावली. "वारं आलं तरी विझायची नाय. लई सोय झाली," म्हणाला.

शेजारच्या लॉनवर हळद होती, डीजेसकट. दिलीपनं आलाप सुरू केला की तिकडून ढोल उत्तर द्यायचा. अर्ध्या तासात मागच्या दोन रांगा उठल्या.

"चला तिकडं," बबन म्हणाला, "निदान जेवण तरी हाय."

मी हललो नाही. मला वरच्या 'सा'पर्यंत थांबायचं होतं.

*

तो आला. दिलीपनं डोळे मिटले, हात वर नेला, मान ताणली आणि आवाज फाटला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा फाटला. पुण्याचा पेटीवाला तेवढा सूर आपणच वाजवून पुढं गेला. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला बरं वाटलं. तिसऱ्यांदा फाटला तेव्हा दिलीपनं डोळे उघडले आणि डाव्या हाताला बघितलं. तिथं मी बसतो. मग मी बुटाची लेस बांधत बसलो, गाणं संपेपर्यंत.

*

पुढच्या गुरुवारी दिलीप झेंडूचा हार घेऊन आला. मला वाटलं, भिंतीवरच्या आमच्या गुरुजींच्या फोटोला आणलाय. त्यानं तो माझ्या पेटीला घातला.

"पुण्याची पेटीच सदोष व्हती," तो म्हणाला. "मी आयोजकांना तोंडावर सांगितलं. पुढच्या साली तू नसशील तर मी बसनार नाय. आन पेटी हीच न्यायची. बावीस वर्षांत हिनं मला कदी दगा दिला नाय."

बबननं माझ्याकडं बघितलं. मी हार जरा बाजूला सारला, भाता उघडला.

"कोणती?" मी विचारलं.

"आपलीच," दिलीप म्हणाला.